एकेक अक्षर : संगणकीय संहितावाचनातील एककाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी संहिता आरंभापासून अखेरपर्यंत एकेक अक्षर घेऊन वाचावी आणि प्रत्येक अक्षराच्या ठायी काही ठराविक कार्य करावे, ही संगणकाच्या आज्ञावलीतील अगदी प्राथमिक क्रिया होय. अक्षरांची मोजणी, शोध, वर्णानुक्रम, संहितेचा उलट पाठ, एका लिपीतून दुसरीत लिप्यंतर, ही सर्व कार्ये अखेरीस याच एका क्रियेवर उभी आहेत. नवशिक्या विद्यार्थ्यास ती पहिल्या आठवड्यातच शिकविली जाते आणि तीत विचार करण्यासारखे काही आहे असे त्यास सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखात या क्रियेस सोयीसाठी 'अक्षरक्रमण' असे म्हटले आहे, आणि ज्या चिन्हमालेवर ती चालते तीस व्यवहारातील 'स्ट्रिंग' हाच शब्द योजिला आहे.

या क्रियेत यंत्र एका वेळी एक पाऊल टाकते. ते पाऊल केवढे, हा प्रश्न इंग्रजी संहितेपुरता बहुधा उद्भवत नाही. मराठी संहितेत तो पहिल्याच शब्दाशी उभा राहतो. 'स्त्री' हा शब्द घेऊ. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे एक अक्षर आहे. वैयाकरणाच्या दृष्टीने त्यात स्, त्, र् आणि ई असे चार वर्ण आहेत. युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतव्यवस्थेत त्याची सहा चिन्हे होतात : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकाराची मात्रा. हीच सहा चिन्हे यूटीएफ-८ या पद्धतीने साठविली म्हणजे अठरा बाइट होतात. एक, चार, सहा आणि अठरा यांपैकी कोणतीही संख्या चुकीची नाही. मात्र कोणती संख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे न ठरविता केलेली मोजणी निरर्थक ठरते.

यंत्राचे पाऊल हे लेखनाच्या स्वरूपातून ठरलेले नसून तारयंत्र, स्मृतिकोशाची काटकसर आणि मानक समित्यांचे निर्णय यांच्या इतिहासातून ठरलेले आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. तो इतिहास ठाऊक नसेल तर अभ्यासक यंत्राचे एकक आपल्या नकळत भाषेचे एकक म्हणून स्वीकारतो.

२. यंत्रापूर्वीचे क्रमण

संहितेतून ठराविक पावलांनी जाण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. वैदिक पाठपरंपरेत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठांचे प्रकार आहेत. पदपाठात संधी सोडवून एकेक पद पृथक् उच्चारावयाचे. क्रमपाठात पहिले व दुसरे, मग दुसरे व तिसरे, मग तिसरे व चौथे अशा जोड्यांनी पुढे जावयाचे. आज संगणकीय भाषाविज्ञानात लगतच्या दोन घटकांची जी सरकती जोडी योजितात, तिची रीत याहून निराळी नाही. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, क्रमपाठास पदपाठाची पूर्वसिद्धता लागते. पद म्हणजे काय आणि त्याची सीमा कोठे, हे शाकल्यासारख्या पदकाराने आधी ठरविल्याखेरीज क्रमाचे पहिले पाऊलही टाकता येत नाही.

अक्षरगणनेचेही तसेच आहे. शतपथब्राह्मणात ऋचांचे परिमाण १२,००० बृहती असे सांगितले आहे. बृहती हा ३६ अक्षरांचा छंद. म्हणजे एकूण अक्षरे ४,३२,००० झाली. याच संख्येचा मेळ त्या ग्रंथात संवत्सरातील १०,८०० मुहूर्तांशी घातलेला असल्यामुळे ती प्रत्यक्ष मोजणीतून आली की प्रतीकदृष्टीतून, हा स्वतंत्र विषय आहे. तथापि मोजावयाचे एकक 'अक्षर' हेच होते आणि त्याची व्याख्या पक्की होती. व्यंजनासहित, अनुस्वारासहित अथवा केवळ असा स्वर म्हणजे अक्षर, असे ऋक्प्रातिशाख्याने स्पष्ट सांगितले आहे. व्यंजने कितीही असोत, स्वर एक तर अक्षर एक. मराठी छंदांची गणनाही याच पायावर चालते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, असे म्हणताना 'स्त्री' हे एकच अक्षर धरले जाते.

भारताबाहेरील, आणि आधुनिक गणिताच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण रशियन गणिती आंद्रेई मार्कोव यांचे आहे. त्यांनी जानेवारी १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीपुढे पुश्किनच्या 'यिव्गेनी अनेगिन' या काव्यातील २०,००० अक्षरांच्या गणनेचे निष्कर्ष मांडले. यंत्र नव्हते, कागद आणि लेखणी एवढेच साधन होते. या २०,००० अक्षरांत ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजने निघाली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रसंग १,१०४, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचे ७,५३४ होते. म्हणजे स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता सुमारे ०.१२८ आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची सुमारे ०.६६३ ठरली. एका घटनेची संभाव्यता तिच्या लगतच्या मागील घटनेवर अवलंबून असू शकते, हे या मोजणीने प्रत्यक्ष भाषेवर दाखवून दिले. 'मार्कोव शृंखला' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विचाराचे हे पहिले मोठे उपयोजन होय.

या गणनेतील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. रशियन लिपीतील कठोर चिन्ह आणि मृदू चिन्ह ही दोन्ही मार्कोव यांनी मोजणीतून वगळली. या चिन्हांस स्वतःचा ध्वनी नाही. कागदावर ती इतर अक्षरांसारखीच ओळीत बसतात; डोळ्यांनी पाहता ती अक्षरेच आहेत. परंतु स्वर आणि व्यंजन यांचे परस्परानुगमन हा ज्याचा प्रश्न आहे, त्यास ती घटक म्हणून चालत नाहीत. वैदिक पाठकार आणि रशियन गणिती यांच्यात काळाचे व हेतूचे मोठे अंतर असले, तरी दोघांनीही एकक आधी ठरविले आणि पाऊल मागाहून टाकले.

३. तारेपासून बाइटपर्यंत

यंत्रयुगात हा क्रम उलटला. फ्रेंच तारअभियंता एमिल बोदो यांनी जी तारपद्धती रूढ केली, तिच्यात प्रत्येक चिन्हास सारख्याच लांबीचे पाच संकेत होते. मोर्स पद्धतीत वारंवार येणाऱ्या अक्षरास आखूड आणि क्वचित येणाऱ्यास लांब संकेत असे. समान लांबीमुळे यंत्रास पाच पाच संकेत मोजून अक्षराची सीमा आपोआप कळू लागली. पाच द्विमान संकेतांपासून ३२ संयोग होतात. रोमन लिपीची २६ अक्षरे त्यांत बसत आणि अंक व विरामचिन्हे यांसाठी दुसऱ्या संचाकडे वळण्याचा एक संकेत राखून ठेवीत. लिपीचे एकक आणि तारेचे एकक येथे प्रथम जुळले. ते जुळले याचे कारण लिपी लहान होती, हे विसरता कामा नये.

इ. स. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या 'स्ट्रेच' या संगणकाची आखणी चालू असता वर्नर बुखहोल्झ यांनी 'बाइट' हा शब्द घडविला. इ. स. १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' ही सात बिटांची, १२८ स्थानांची संकेतव्यवस्था मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी आयबीएमने जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६०' या यंत्रमालेने आठ बिटांचा बाइट रूढ केला. स्मृतिकोशातील प्रत्येक बाइटास स्वतःचा पत्ता मिळाला. एका बाइटात एक अक्षर, अशी मांडणी केली की संहितेतील शंभरावे अक्षर काढण्यासाठी आरंभाच्या पत्त्यात नव्याण्णव मिळविले म्हणजे पुरे होऊ लागले. अक्षरक्रमण इतके स्वस्त झाले, ते या सोयीमुळे.

तथापि सर्वांनी हीच वाट धरली होती असे नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत व्हिक्टर इंग्वे यांनी १९५० नंतरच्या दशकात यांत्रिक भाषांतराच्या संशोधनासाठी 'कॉमिट' ही भाषा रचली. तीत ओळीचे घटक संशोधकाने पाडावयाचे असत. घटक म्हणजे एखादा शब्द, शब्दाचा अंश वा एकच अक्षर असू शके. बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये फार्बर, ग्रिसवोल्ड व पोलोन्स्की यांनी केलेल्या 'स्नोबॉल' या भाषेत स्ट्रिंग हाच मुख्य विषय होता आणि एकेक पाऊल टाकण्याऐवजी आकृतिबंध सांगून शोध घेण्यावर भर होता. भाषाभ्यासकाच्या गरजेस या दोन्ही भाषा जवळच्या होत्या. परंतु पुढील पिढ्यांवर प्रभाव पडला तो १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच डेनिस रिची यांनी घडविलेल्या 'सी' या भाषेचा. तीत स्ट्रिंग म्हणजे लागोपाठ बाइटांची रांग, आणि ज्या बाइटाचे मूल्य शून्य तेथे तिचा शेवट. क्रमण म्हणजे शून्य भेटेपर्यंत पत्ता एकाने वाढवीत जाणे. या भाषेत बाइटएवढ्या घटकास 'कॅरॅक्टर' या शब्दाचे आखूड रूप नाव म्हणून दिले गेले. साठवणुकीच्या मापास लेखनाच्या घटकाचे नाव मिळाले, आणि इंग्रजीपुरता असलेला योगायोग नियम म्हणून शिकविला जाऊ लागला.

४. देवनागरीचा प्रवेश

भारतीय लिपी या चौकटीत आणताना दोन मार्ग मोकळे होते. प्रत्येक लिखित अक्षरास स्वतंत्र संकेत देणे हा पहिला. कोरियन लिपीच्या बाबतीत युनिकोडने १९९६ मध्ये हा मार्ग पत्करला आणि ११,१७२ अक्षरांस स्वतंत्र स्थाने दिली. कोरियन अक्षराचे घटक व त्यांच्या जागा निश्चित असल्यामुळे त्यांची यादी पूर्ण करता येते. देवनागरीत जोडाक्षरांची यादी अशी बंद होत नाही. नवा परकीय शब्द आला की नवे जोडाक्षर सिद्ध होते. यास्तव दुसरा मार्ग, म्हणजे लेखनाचे मूळ घटक सांकेतिक करून त्यांची जुळणी यंत्रावर सोपविणे, हाच व्यवहार्य होता.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केलेली 'इस्की' संकेतव्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींचा वर्णक्रम समान असल्याचा लाभ घेऊन तीत सर्वांसाठी एकच कोष्टक योजिले होते. स्वर, व्यंजने, मात्रा, हलन्त आणि नुक्ता यांस स्वतंत्र स्थाने होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील रूपावरून घेतली, आणि ती आजही चालू आहे.

या मांडणीतील एकक कोणते, याचा बारकाईने विचार केला पाहिजे. 'क' या चिन्हात क् हे व्यंजन आणि अ हा स्वर दोन्ही अंतर्भूत आहेत. पुढे मात्रा आली की त्याच चिन्हातील अकार लोपतो आणि केवळ व्यंजन उरते. हलन्त हे चिन्ह तर कोणत्याही ध्वनीचे नसून ध्वनीच्या अभावाचे आहे. म्हणजे या मांडणीतील चिन्ह वर्णही नव्हे आणि अक्षरही नव्हे. तो लेखनाचा एक घटक आहे. लिपी साठविण्यासाठी ही योजना उत्तम आहे. तिच्यावर पावले टाकून भाषेविषयी निष्कर्ष काढणे, ही गोष्ट मात्र निराळी.

चिन्हे साठविण्याच्या पद्धतींचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ स्थानांत, जगातील सर्व चालू लिपी मावतील अशी युनिकोडच्या आरंभकर्त्यांची अपेक्षा होती. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा ओलांडून ११,१४,११२ स्थानांची तरतूद करावी लागली. सोळा बिटांपलीकडील चिन्हांसाठी दोन घटकांची जोडी ठरली. दरम्यान १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत सिद्ध केली होती. तीत आस्कीचे चिन्ह एका बाइटाचे, देवनागरीचे तीन बाइटांचे असते. मराठीच्या इतिहासकारास याचा आणखी एक पैलू जाणवेल. मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, आणि ते सोळा बिटांच्या मर्यादेबाहेर. त्यामुळे सोळा बिटांच्या घटकांवर चालणारे क्रमण देवनागरीत एकेक चिन्ह देते, पण मोडीत प्रत्येक चिन्हाचे दोन तुकडे करते. एकच मराठी शब्द, एकच आज्ञावली. केवळ लिपी पालटली की संख्या दुप्पट होते.

५. आज्ञावली-भाषांची निरनिराळी पावले

वरील इतिहासाचे थर आजच्या आज्ञावली-भाषांत जसेच्या तसे दिसतात. 'सी' बाइटाचे पाऊल टाकते. तिच्या लेखी 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये पंधरा घटकांचा आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास आलेल्या 'जावा' भाषेचे मूळ पाऊल सोळा बिटांचे आहे. 'पायथन' भाषेने २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडचे चिन्ह हे स्ट्रिंगचे एकक मानले. तेथे 'मराठी' शब्दात पाच घटक निघतात : म, र, आकाराची मात्रा, ठ आणि ईकाराची मात्रा. २०१४ मध्ये आलेल्या 'स्विफ्ट' भाषेने मात्र वाचकास एकसंध भासणारा चिन्हसमूह हे एकक धरले. तेथे म, रा, ठी असे तीनच घटक मिळतात.

हा भेद किती खोल आहे ते उलट पाठाने कळते. 'मराठी' हा शब्द चिन्हश: उलटा केला तर आरंभी आधाराविना लोंबकळणारी वेलांटी येते, तिच्यापुढे 'ठारम' उरते आणि आकाराची मात्रा र सोडून ठ ला चिकटते. अक्षरश: उलटा केला तर 'ठीराम' असे वाचनीय रूप मिळते. 'नवजीवन' हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो, हे कोणीही मराठी वाचक सांगेल. चिन्हश: क्रमण करणारे यंत्र त्याचे 'नवीजवन' करील आणि हा शब्द विलोम नाही असा निर्वाळा देईल.

चिन्हसमूह हे एकक स्वीकारले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. समूहाच्या सीमा युनिकोडच्या नियमांनी ठरतात. त्या नियमांनुसार दीर्घकाळ हलन्तानंतर समूह तुटत असे. म्हणून 'स्त्री' या शब्दाचे स्, त्, री असे तीन समूह होत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरी व इतर काही भारतीय लिपींसाठी नियम सुधारण्यात आला आणि जोडाक्षर अखंड राहू लागले. तात्पर्य, तीच आज्ञावली त्याच संहितेवर जुन्या व नव्या नियमसंचाने चालविली तर भिन्न संख्या येतात. मोजणीच्या नोंदीत आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर पुढील अभ्यासकास ती मोजणी पडताळता येणार नाही.

६. मराठी संशोधनावरील परिणाम

मार्कोव यांची मोजणी कोणी मराठीवर करू पाहील तर काय होईल, हे पाहणे उद्बोधक ठरेल. 'कमल' हा शब्द चिन्हश: वाचला तर क, म, ल ही तीन चिन्हे मिळतात आणि तिन्ही व्यंजनांच्या कोष्टकातील आहेत. स्वर शून्य. उच्चारात मात्र क् आणि म् यांच्या पाठोपाठ अकार आहे आणि अंत्य ल मधील अकार लुप्त आहे. म्हणजे व्यंजने तीन व स्वर दोन. 'अमल' या शब्दात पहिल्या अकारास स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे तो मोजला जाईल, पण म मधील अकार सुटेल. भाषेत ठायी ठायी येणारा हा स्वर केवळ शब्दाच्या वा अक्षराच्या आरंभी स्वतंत्र लिहिला गेला तरच गणनेत येतो. उलट ज्यास ध्वनीच नाही ते हलन्त 'स्त्री' या एका शब्दात दोनदा मोजले जाते. मार्कोव यांनी निर्ध्वनी चिन्हे विचारपूर्वक वगळली. यंत्रावर भिस्त ठेवणारा अभ्यासक ती न कळत स्वीकारतो आणि उच्चारलेला स्वर गमावतो. अशा मोजणीवरून मराठीच्या वर्णरचनेविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष वस्तुतः लेखनपद्धतीविषयीचा असतो.

दुसरा परिणाम पाठभेदासारखा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन, हा भेद मराठी लेखन रकाराच्या दोन रूपांनी दाखविते. 'दऱ्या' हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठविलेला आढळू शकतो : ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र व नुक्ता यांच्या जोडीने, किंवा र, हलन्त व त्यापुढील एका अदृश्य संयोजक चिन्हाने. पडद्यावर तिन्ही सारखे दिसावेत अशी अपेक्षा असते. चिन्हश: तुलना करणारे यंत्र मात्र त्यांस तीन निराळे शब्द समजते. पहिल्या दोन प्रकारांची युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकवाक्यता करता येते. तिसऱ्याची तशी होत नाही. आणि हे अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून क्रमणाच्या ओघात गाळले, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातील दरी समुद्रात बुडते. 'ॲ' या अक्षरासही २००८ पर्यंत स्वतंत्र स्थान नव्हते. अ पुढे चंद्र जोडून लिहिलेले जुने रूप आणि नवे एकचिन्ही रूप ही प्रमाणीकरणानंतरही भिन्नच राहतात. ज्या शब्दसंग्रहात दोन्ही काळांतील संहिता एकत्र आल्या असतील, त्यात एकाच शब्दाच्या दोन नोंदी होणे अपरिहार्य आहे.

तिसरा परिणाम सामान्य व्यवहारातला आहे. दूरध्वनीवरील लघुसंदेशात सात बिटांच्या मूळ संचाने लिहिले तर १६० चिन्हे मावतात. सोळा बिटांच्या पद्धतीने देवनागरीत लिहिले तर ७०. त्या सत्तरांतील सहा जागा एकटी 'स्त्री' घेते. अक्षरांची मर्यादा घालणाऱ्या प्रत्येक अर्जात, कोष्टकात आणि परीक्षापद्धतीत हाच प्रश्न दडलेला आहे.

७. समारोप

या विवेचनावरून एखादे विशिष्ट पाऊल योग्य आणि बाकीची अयोग्य, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. साठवणुकीचे माप हवे असेल तर बाइट मोजावेत. लेखनाचे घटक तपासावयाचे असतील तर चिन्हे. छंद, कोशक्रम वा वाचन हा विषय असेल तर लिखित अक्षर. आणि ध्वनिव्यवस्था हा विषय असेल तर वर्ण. यांतील शेवटचे एकक कोणतीही आज्ञावली-भाषा आयते देत नाही. अंतर्भूत अकार प्रकट करणे, अंत्य व मध्य अकाराचा लोप ठरविणे, 'भक्ती' हा शब्द लेखनात भ आणि क्ती असा, तर उच्चारात भक् आणि ती असा विभागतो हे ओळखणे, ही कामे भाषाशास्त्राच्या नियमांनीच करावी लागतात.

यास्तव विभागात सादर होणाऱ्या गणनाप्रधान प्रबंधांत तीन गोष्टींची नोंद आवश्यक मानावी असे सुचवावेसे वाटते : क्रमणाचे एकक कोणते धरले, संहितेचे प्रमाणीकरण कोणत्या रीतीने केले आणि युनिकोडच्या नियमांची कोणती आवृत्ती वापरली. नोंद तीन ओळींची आहे. ती नसेल तर कोष्टकातील आकडे मराठी भाषेचे आहेत, मराठी लेखनाचे आहेत की केवळ स्मृतिकोशाचे आहेत, हे परीक्षकास वा वाचकास कळण्याचा मार्ग उरत नाही.